लोहगाव: टर्मिनल वाढलं, रांग पुढे सरकली

12 जानेवारी 2021 ची पहाट. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या फाटकातून तीन ट्रक बाहेर पडले. निघण्याआधी रीतसर पूजा झाली, नारळ फुटला. आत कोविशील्डची 478 खोकी होती, प्रत्येक साधारण 32 किलोचं. पाचच्या सुमारास निघालेल्या ट्रकना लोहगावचा विमानतळ गाठायला कितीसा वेळ लागणार? पण लशीचं पहिलं विमान दिल्लीकडे उडालं ते आठच्या सुमारास. त्या काळात लोहगावची धावपट्टी रात्री आठ ते सकाळी आठ बंद असायची. अख्खा देश ज्या मालाची वाट बघत होता, तोही उडायचा तर आठच्या पुढेच.

मी मालवाहतुकीच्या नियोजनात काम करतो. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवतात: गोदामात गर्दी दिसली की लगेच गोदाम मोठं करायला धावू नकोस, आधी रांग कुठे अडली आहे ते बघ. पुणे विमानतळाच्या विस्ताराचं प्रकरण मला याच नजरेनं मांडायचं आहे. गेल्या काही वर्षांत इथे पैसा खर्च झाला, काम झालं, डोळ्यांत भरेल अशी इमारतही उभी राहिली. पण विमानतळ ही साखळी असते: रस्ता, पार्किंग, चेक-इन, सुरक्षा तपासणी, विमान उभं करायची जागा, उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, धावपट्टी. यातली जी कडी आपल्या हाताला लागत होती ती आपण मोठी केली. अडलेली कडी दुसरीच होती.

घर हवाई दलाचं, पुणेकर भाडेकरू

लोहगावचा तळ 1939 चा. ब्रिटिशांनी तो उभारला तो मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी. पुणेकरांच्या प्रवासाचा विचार त्यात कुठेच नव्हता. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय हवाई दलाकडे आला. 1997 मध्ये रशियातून आलेली पहिली सुखोई लढाऊ विमानं इथेच दाखल झाली. आजही धावपट्टी हवाई दलाची आणि उतरण्या-उडण्याचं नियंत्रणही हवाई दलाचं. भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे तो तळाच्या एका कडेचा नागरी तुकडा: टर्मिनल, त्यासमोरचं विमानं उभी करायचं आवार आणि बाहेरची वाहनव्यवस्था. प्रवाशाला ‘पुणे विमानतळ’ म्हणून दिसतं ते एवढंच.

विमाननगर-लोहगाव पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. आमच्याकडे फोनवर बोलताना माणूस मध्येच थांबतो. पलीकडचा विचारतो, ‘काय झालं?’ ‘काही नाही, सुखोई गेलं.’ मुलांच्या शाळेच्या पालकसभेत बाईंना एकच वाक्य तीनदा सुरू करताना मी पाहिलं आहे. कुणी तक्रार केली नाही. सगळ्यांनी वर बघितलं आणि सभा पुढे चालू झाली.

इथे एक गोष्ट मोकळेपणानं कबूल करायला हवी. ‘हवाई दल अडवतं’ असं म्हणणं सोपं आहे, पण तळ शहरात आलेला नाही, शहर तळापर्यंत गेलं आहे. 1939 मध्ये लोहगाव पुण्यापासून चांगलंच लांब होतं. 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाखांवर आणि पिंपरी-चिंचवडची 17 लाखांवर होती. 2017 मध्ये अकरा गावं पुणे महापालिकेत आली, त्यात लोहगावही आलं; 2021 मध्ये आणखी तेवीस. खराडीत आयटी पार्क, नगर रस्त्यावर मॉल, धानोरीत टॉवर. तळाच्या भिंतीला घरं टेकली आणि मग संरक्षण कायद्याखाली बांधकामाला असलेली मनाई लोकांना जाचू लागली. हा कायदा 1903 चा आहे. दारूगोळ्याच्या साठ्याभोवती ठरावीक अंतरात घर बांधता येत नाही. लोहगावात ‘बॉम्ब डम्प’ म्हटलं की जमीन असून घर नसलेल्या कितीतरी जणांच्या कपाळावर आठ्या चढतात.

आपल्यासारखीच वेगानं वाढलेली दुसरी शहरं या पेचातून 2008 मध्येच सुटली. हैदराबादनं मार्चमध्ये बेगमपेटचा जुना विमानतळ प्रवासी विमानांसाठी बंद केला आणि शमशाबादला मुक्काम हलवला. बंगळुरूनं दोन महिन्यांनी एचएएलचा तळ सोडून देवनहळ्ळी गाठलं. दोन्हीकडे सुरुवातीला ओरड झाली की केवढं हे लांब. आज ती शहरं त्या ‘लांब’च्याही पुढे गेली आहेत. आयटीच्या शर्यतीत पुणे त्यांच्या बरोबरीनं पळत होतं. नव्या विमानतळाच्या बाबतीत मात्र आपण तेव्हा चाकण की आणखी कुठे, याच वादात होतो.

475 कोटींची इमारत

2018-19 मध्ये पुण्यातून ये-जा करणाऱ्या प्रवाशांची संख्या 90 लाखांच्या घरात गेली. जुनं टर्मिनल जेमतेम 22 हजार चौरस मीटरचं. सकाळी सहाला तिथे पाय ठेवायला जागा नसायची. सुरक्षा तपासणीची रांग चेक-इनच्या रांगेत घुसायची आणि आपण नक्की कुठल्या रांगेत उभे आहोत हे पुढच्या माणसाला विचारून घ्यावं लागायचं. त्यामुळे टर्मिनल हवं, हे निदान त्या वेळी चूक नव्हतं. रांग खरोखर तिथेच होती.

नवं टर्मिनल सुमारे 52 हजार चौरस मीटरचं, खर्च 475 कोटींच्या आसपास, वर्षाला 90 लाख प्रवासी सांभाळण्याची क्षमता, 34 चेक-इन काउंटर, जुने पाच आणि नवे पाच मिळून दहा एरोब्रिज, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानात नेणारे पूल. मध्ये कोविड आला, मुदती हुकल्या. 10 मार्च 2024 ला पंतप्रधानांनी दूरस्थ पद्धतीनं उद्घाटन केलं. त्यानंतर इमारत चार महिने रिकामी उभी राहिली. वाढीव जागेसाठी सीआयएसएफचे, म्हणजे विमानतळाची सुरक्षा सांभाळणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, वाढीव जवान लागणार होते आणि त्यांची मंजुरी, नेमणूक वेगळ्या खात्याच्या वेगळ्या टेबलावर होती. अखेर 14 जुलै 2024 ला प्रवासी आत गेले. तोवर पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ केंद्रात नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री झाले होते.

हे चार महिने मला या प्रकरणातला सगळ्यात शिकवणारा भाग वाटतो, म्हणून थोडं थांबतो. आमच्या धंद्यात हे रोज घडतं. नवं शेड तयार, रॅक लागले, फीत कापली, आणि लक्षात येतं की फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस पुढच्या तिमाहीत मिळणार आहे. बांधकामाच्या आराखड्यात माणसांची ओळ शेवटी असते, कारण बांधकामाचं बिल एका खात्याचं आणि माणसांचं दुसऱ्याचं. टर्मिनलचं काम अनेक वर्षं सुरू होतं. जवान लागणार हे पहिल्या दिवशीही माहीत होतं.

टर्मिनल सुरू झालं आणि आतली रांग खरंच विरली. मग ती बाहेर दिसू लागली. 2022 अखेरीस बहुमजली पार्किंग झालं आणि टॅक्सी, कॅब तिथून घ्यायच्या असं ठरलं. समोरचा रस्ता मोकळा झाला, हे खरं. पण बॅगा, आजी, झोपलेलं लेकरू असा लवाजमा घेऊन तिथवर जायचं, मग लिफ्ट, मग कॅबचा मजला. या तक्रारी वर्तमानपत्रांत इतक्यांदा छापून आल्या की नवं टर्मिनल झाल्यावर पहिल्या महिन्यात मला ज्यांचे फोन आले त्यांनी ‘टर्मिनल कसं आहे?’ असं विचारलंच नाही. विचारलं ते, ‘रिक्षा कुठून मिळते?’

एक टग, एक विमान, एक बे

आता खऱ्या अडलेल्या कडीकडे. 16 मे 2024. दिल्लीला निघालेलं एक प्रवासी विमान मागे ढकललं जात असताना टग ट्रकला, म्हणजे विमानं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या गाडीला, धडकलं. आत 180 च्या आसपास प्रवासी होते, सगळे सुखरूप. विमानाचं नुकसान झालं, चौकशी लागली, आणि ते विमान जिथे होतं तिथेच अनेक दिवस उभं राहिलं.

यात एवढं काय? त्या वेळी लोहगावला प्रवासी विमानं उभी करायच्या जागा, म्हणजे बे, होत्या दहा. दिवसाला साधारण 200 उड्डाणांची ये-जा, म्हणजे शंभरेक विमानं उतरणार आणि तेवढीच उडणार. हिशेब करा: एका बेवर दिवसाला दहा विमानं. एक बे अडला की रोजची दहा विमानं बेघर. ती इतर नऊ बेंवर वाटायची, तर प्रत्येक बेवर एक जास्त. जास्तीचं ते एक विमान दहा मिनिटं उशिरा आलं की त्याच्या मागचं विमान धावपट्टीवरून खाली येऊन बे रिकामा व्हायची वाट बघत उभं. प्रवाशांना आतून आवाज येतो: ‘आपल्याला बे मिळेपर्यंत थोडा वेळ बसून राहावं.’ संध्याकाळपर्यंत हा उशीर साचत जातो. एका टगच्या ठोकरीनं पुण्याचं वेळापत्रक पुढे कितीतरी दिवस लंगडत होतं.

आणि हे घडलं तेव्हा 52 हजार चौरस मीटरची चकचकीत इमारत शेजारीच कुलूपबंद उभी होती.

टर्मिनल दुप्पट झालं तरी बे दुप्पट होत नाहीत, कारण बेला जमीन लागते आणि जमीन हवाई दलाची. बे वाढले तरी विमानं तेवढ्यानं वाढत नाहीत, कारण स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या वेळा, हवाई दल देतं. त्याच धावपट्टीवर लढाऊ विमानांचा सरावही चालतो. ही काही पुण्याचीच रड नाही. गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ. तिथे कामाच्या दिवशी सकाळचे काही तास प्रवासी विमानांना बंद. गोव्यानं त्याला उत्तर म्हणून मोपाला दुसरा विमानतळ उभारला. जानेवारी 2023 पासून तिथून विमानं उडतात. मोपा आल्यावर दाबोळीचं काय होणार यावरून दक्षिण गोव्यात आजही चकमकी झडतात, पण विमानांना वेळा मिळाल्या.

2,535 मीटर

लोहगावची मुख्य धावपट्टी 2,535 मीटरची. मुंबई-दिल्लीच्या विमानांना ती पुरते. लांबच्या प्रवासाला पुरत नाही, आणि ते का, हे समजलं की बाकीचं प्रकरण उलगडतं.

लोहगाव समुद्रसपाटीपासून साधारण 590 मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकला की ती आणखी विरळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो, म्हणजे तेच विमान उडायला जास्त धावावं लागतं. त्यात युरोपला जायचं तर टाक्या इंधनानं भरलेल्या, विमान जड. धावपट्टी ठरलेली असल्यामुळे एकच उपाय उरतो: वजन कमी करा. प्रवासी कमी करा किंवा इंधन कमी करा. 2008 मध्ये लुफ्थान्सानं पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली ती मोजक्या आसनांच्या छोट्या विमानानं, आणि पुण्याहून जाताना काही काळ वाटेत उतरून इंधन भरावं लागायचं. पुण्यातल्या जर्मन कंपन्यांचे साहेब पुण्यात चढायचे आणि अर्ध्या वाटेत पेट्रोलपंपाला थांबायचे.

म्हणून आजही परदेशी जाणारा पुणेकर रात्री दहाला टॅक्सीनं द्रुतगती मार्गाला लागतो. हडपसरपासून हिंजवडीपर्यंत ओळखीचा एक तरी ‘एअरपोर्टवाला ड्रायव्हर’ प्रत्येक घरात असतो, आणि तो एअरपोर्ट मुंबईचा असतो.

धावपट्टीला हात घातला की काय होतं, याचा अनुभव आपण घेतलेला आहे. 26 ऑक्टोबर 2020 पासून वर्षभर नव्यानं थर देण्यासाठी ती रात्रीची बंद होती. सुरुवातीचे ट्रक आठवा. शेवटचा टप्पा म्हणून 16 ते 29 ऑक्टोबर 2021 असे चौदा दिवस विमानतळ पूर्ण बंद राहिला. आदल्या दिवशी दसरा, पुढच्या आठवड्यात दिवाळी. फक्त पृष्ठभाग बदलायला एवढं लागलं. आणि धावपट्टी तेवढीच राहिली.

लांबी वाढवायचा प्रस्ताव आता खऱ्या अर्थानं हलू लागला आहे. त्यासाठी 35 एकरांच्या आसपास जमीन लागेल आणि तिचा खर्च राज्य सरकार आणि इथल्या स्थानिक संस्थांनी वाटून घ्यायचा, असा मार्ग धरला गेला. ऐकायला 35 एकर म्हणजे काहीच नाही. पण गोची जमिनीच्या आकड्यात नाही. धावपट्टीचं टोक सरकलं की विमान खाली येण्याची तिरकी वाटही सरकते. त्या वाटेखाली कुठली इमारत किती उंच असू शकते, याचे नियम आहेत. टोक तीनशे मीटर पुढे गेलं, तर काल नियमात बसणारा सहावा मजला उद्या अडथळा ठरू शकतो. म्हणून आधी अडथळ्यांचं सर्वेक्षण, मग संपादन, मग रस्ते वळवणं, मग काम. वीस वर्षांपूर्वी त्या बाजूला शेतं होती. तेव्हा हे सगळं सर्वेक्षण एका दुपारी आटोपलं असतं, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

जाता जाता एक गंमत. एप्रिल 2025 मध्ये तळाच्या आवारात बिबट्या दिसला आणि तो पकडायला डिसेंबर उजाडला. वन विभाग, पिंजरे, कॅमेरे, सगळं लावूनही आठेक महिने तो तिथे निवांत राहिला. बाहेर एकेका गुंठ्यावरून भांडणं चालू आहेत आणि आत बिबट्याला दडायला जागा आहे. तळाला मोकळी जागा लागते, ती सुरक्षेचा भाग आहे, हे मान्यच. तरी भिंतीबाहेर ‘मनाई क्षेत्रा’त घर बांधू न शकणाऱ्या माणसाला ही बातमी वाचताना काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

मग पुरंदर

2024-25 मध्ये पुण्याची प्रवासीसंख्या एक कोटीच्या पुढे गेली. नव्या इमारतीवर लिहिलेल्या 90 लाखांच्या आकड्यापेक्षा ही संख्या पहिल्याच वर्षी मोठी होती. जुनी इमारत जोडीला धरली तर भागेल. पण दहा वर्षांनी? लोहगाव कितीही ताणलं तरी त्याची एक कमाल मर्यादा आहे, हे संबंधित प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे दुसरा विमानतळ हा या प्रकरणाचा खरा उत्तरार्ध आहे, आणि तो पूर्वार्धापेक्षा जुना आहे.

आधी चाकण-राजगुरुनगर पट्टा बघितला, ते फिसकटलं. 2016 मध्ये पुरंदर तालुका पुढे आला. सात गावं: पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी. सुरुवातीला 2,800 हेक्टरच्या वर जमीन घेण्याचा विचार होता. मध्ये सरकार बदललं, जागा शेजारी सरकवण्याचा घाट घातला गेला, संरक्षण मंत्रालयानं त्या नव्या जागेला नकार दिला, पुन्हा मूळ जागा. यात पाच-सहा वर्षं गेली. मे 2025 मध्ये ड्रोननं मोजणी करायला गेलेल्या पथकाला कुंभारवळणला लोकांनी अडवलं, लाठीमार झाला. त्यानंतर सरकारनं जमीन निम्म्याहून कमी केली, सुमारे 1,285 हेक्टरवर आणली, मोबदल्यात दहा टक्के विकसित भूखंड देऊ केला, आणि बहुतेक खातेदारांची संमतिपत्रं आली.

मला राहून राहून प्रश्न पडतो तो इथे. 1,285 हेक्टरमध्ये विमानतळ बसतो, तर 2,800 कशाला मागितले होते? जास्तीच्या जमिनीवर ज्यांच्या सातबाऱ्यावर नऊ वर्षं टांगती तलवार राहिली, त्यांनी त्या काळात विहीर खोदली नसेल, फळबाग लावली नसेल, पोरीच्या लग्नाला तुकडा विकायचा तर भाव आला नसेल. विस्ताराच्या खर्चात हा आकडा कुठेच धरलेला नसतो. शेतकऱ्यांचा विरोध ‘विकासाला विरोध’ म्हणून मोजला गेला. त्यातला बराचसा हिशेबाला विरोध होता. जमीन कमी होताच आणि मोबदला वाढताच संमती आली, यावरून ते दिसतंच.

दरम्यान 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून विमानं उडू लागली. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला परदेशवारीसाठी ते मुंबईपेक्षा सोयीचं. त्यामुळे एक युक्तिवाद आता ऐकू येतो की पुरंदरची घाई कशाला. माझं मत उलट आहे. नवी मुंबई पुण्याची परदेशी गरज काही वर्षं भागवेल, पण लोहगावचे स्लॉट त्यानं वाढणार नाहीत. दिल्ली-बंगळुरूला जाणारा माणूस खंडाळ्याचा घाट उतरून विमान पकडायला जाणार नाही. आणि पुरंदर झालं की लोहगावची प्रवासी वाहतूक चालू ठेवायची की बंगळुरूसारखी बंद करायची, हे आजच ठरवायला हवं. धावपट्टीच्या वाढीवर खर्च किती करायचा हे त्यावरच अवलंबून आहे. दोन्ही कामं दोन वेगळ्या फायलींत चालली आहेत.

सप्टेंबर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं लोहगाव विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव देण्याचा निर्णय घेतला. लोहगाव हे तुकोबांचं आजोळ. पुरंदरच्या सात गावांतलं खानवडी हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. पुण्याचे दोन्ही विमानतळ, एक असलेला आणि एक व्हायचा, असे अगदी घरच्या माणसांच्या गावांत आले आहेत.

गेल्या उन्हाळ्यात सासवडला गेलो होतो तेव्हा दिवे घाट चढून वर आल्यावर अंजिरांसाठी थांबलो. मीठा बहार, म्हणजे अंजिराचा उन्हाळी हंगाम, चालू होता. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे विमानतळ जाहीर झाला त्याच वर्षी. विकणाऱ्या मावशींनी पाटीतल्या पानांवरून एकेक फळ उचलून हलक्या हातानं खोक्यात ठेवलं आणि बजावलं, ‘आजच खा, उद्याला मऊ पडतंय.’ असं नाजूक फळ दुबईच्या बाजारात पोचवायचं तर शेताजवळ विमान हवं. मी त्यांना हे बोललो नाही. खोकं गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं, एसी वाढवला आणि हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये शिरलो.